पोकरचं फायनल टेबल कव्हर करायला निघालात? पुण्यातल्या नव्या वार्ताहरांसाठी

पोकरच्या मोठ्या स्पर्धेचे शेवटचे दिवस कव्हर करायला पहिल्यांदा गेलेला वार्ताहर हमखास पत्त्यांकडे डोळे लावून बसतो. पत्ते तर त्याला दिसतच नाहीत. टेबलापासून चार-पाच फुटांवर उभं राहून खेळाडूच्या हातातले दोन पत्ते कळायचा काही मार्ग नसतो, आणि बहुतेक डाव पत्ते न उघडताच संपतात. दिसतात त्या चिप्स, म्हणजे खेळात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या. कोणाकडे किती आहेत, कुठून कुठे सरकल्या, आता कोण किती वेळ तग धरेल. तेव्हा सवय लावायची ती चिप्स मोजायची. पुढे सांगतोय ते बहुतेक सगळं या एकाच सवयीसाठी आहे.

होल्डेमचे, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर पाच सामाईक पत्ते असतात त्या पोकरचे नियम तुम्हाला येतात असं धरून चालतो. फ्लश मोठा की फुल हाउस, हे आठवावं लागत असेल तर आधी ते पाठ करा, मग इकडे या.

आधी घरच्यांची आणि कायद्याची उत्तरं

घरी आई विचारणारच, "अरे, जुगाराच्या अड्ड्यावर कशाला जातोयस?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर तुम्हाला संपादकांनाही द्यावं लागेल.

पुण्यात परवानाधारक कॅसिनो नाही, महाराष्ट्रात कुठेच नाही. कॅसिनोंसाठी राज्याने १९७६ साली एक कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. जुगाराबाबत इथे अजून १८८७ चाच कायदा चालतो. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्या सुटीत बसतो की नाही यावर देशातल्या न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवलं होतं. त्यामुळे बाणेरच्या किंवा खराडीच्या एखाद्या फ्लॅटवर पैसे लावून चाललेल्या खेळाला 'स्थानिक स्पर्धा' म्हणून कोणी बोलावलं, तर जाऊ नका. तिथे छापा पडला तर तुमचं ओळखपत्र तुम्हाला फारसं वाचवणार नाही.

गोव्याचं वेगळं आहे. तिथे कायद्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांतल्या आणि जहाजांवरच्या कॅसिनोंना परवानगी दिलेली आहे. देशातल्या मोठ्या स्पर्धा म्हणूनच मांडवीवरच्या बोटींवर नाहीतर तिथल्या हॉटेलांत भरतात.

तिसरी गोष्ट ऑनलाइनची. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, आणि त्यांच्या जाहिरातीवरही. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळाडूच्या टी-शर्टावर एखाद्या ॲपचं नाव असेल तर फोटो कसा कापायचा, बातमीत कोणती लिंक द्यायची नाही, हे निघण्याआधीच संपादकांशी बोलून घ्या. रात्री दोन वाजता फोनवर हा वाद घालायला कोणाला वेळ नसतो.

पुण्यातच करायचा सराव

चार-पाच मित्र जमवा, पैसे न लावता स्पर्धेसारखं खेळायला बसवा, आणि तुम्ही खेळू नका. मागे उभं राहून नोंद घ्या. पहिल्या अर्ध्या तासात लक्षात येतं की डाव बघता येतो, पण बघता बघता लिहिता येत नाही. हाताला वळण लागेपर्यंत हे करत राहा. एरवी शांत बसायची सवय हवी असेल तर जिमखान्यातली एखादी ब्रिजची स्पर्धा किंवा बुद्धिबळाची खुली स्पर्धा बघून या. खेळाडूच्या नजरेच्या टप्प्यात हालचाल न करता दोन-तीन तास काढणं हेही शिकावंच लागतं.

वही अप्पा बळवंत चौकातून घ्या, वरून उलटणारी, खिशात मावेल अशी. फोनवर नोंद घेण्याचा मोह टाळा. टेबलापाशी फोन काढला की हॉलवर देखरेख करणारा माणूस तुमच्याकडे येणारच, आणि तेवढ्यात रिव्हर, म्हणजे शेवटचा सामाईक पत्ता, पडून गेलेला असतो.

वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: १० लाख म्हणजे एक मिलियन, १ कोटी म्हणजे दहा मिलियन. मोठ्या स्पर्धांत घोषणा मिलियनमध्ये होतात आणि आपला वाचक लाख-कोटीत विचार करतो. थकलेल्या डोक्याने एक शून्य इकडचं तिकडे झालं की चौथ्या क्रमांकाचा खेळाडू बातमीत आघाडीवर जातो.

पोचणं आणि आत शिरणं

यात फार सांगण्यासारखं नाही. रात्रीच्या स्लीपर बस वाकड, चांदणी चौक, नवले पूल इथून घेतात आणि सकाळी पणजीत सोडतात. पोचल्या दिवशीच काम सुरू करायचं असेल तर विमानाचे पैसे मागा, लाजू नका. गोव्यातल्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, तेव्हा मूळ सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. माध्यमांचा पास आयोजकांकडून आधी ईमेलवर मागवा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: टेबलाभोवतीच्या दोऱ्यांच्या आत उभं राहता येईल का, फोटो कुठे काढता येतील, अधिकृत चिप-काउंट कोण देणार. बोटीवर जायला-यायला जेट्टीवरून छोटी बोट असते. मनात आलं की बाहेर पडता येत नाही, हे जेवणाचं आणि चार्जरचं नियोजन करताना ध्यानात ठेवा. एसी कडक असतो. स्वेटर घ्या, पुण्याच्या डिसेंबरातला चालेल.

पहिलं काम: एकूण चिप्स

हॉलमध्ये शिरल्यावर सगळ्यात आधी मोठ्या स्क्रीनवरचे आकडे उतरवा: एकूण प्रवेश, उरलेले खेळाडू, ब्लाइंड (डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स), सरासरी स्टॅक (एकाकडचा चिप्सचा साठा), पुढचा ब्रेक कधी. प्रवेशांची संख्या गुणिले सुरुवातीचा स्टॅक म्हणजे खेळातल्या एकूण चिप्स. हा आकडा शेवटपर्यंत बदलत नाही. री-एंट्री (बाद होऊन पुन्हा पैसे भरून आलेले) धरून ८०० प्रवेश आणि प्रत्येकी ५० हजार चिप्स असतील, तर एकूण ४ कोटी. नऊ जण उरल्यावर तुमच्या वहीतल्या नऊ आकड्यांची बेरीज ४ कोटींच्या आसपास आली पाहिजे. ती साडेचार कोटी झाली, तर कुठेतरी तुम्ही एखाद्याचा ढीग दोनदा मोजलाय. लहान चिप्स बाद करून मोठ्या देताना दोन-चार हजारांचा फरक पडतो, तेवढा सोडून द्या.

हेच गणित लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज या पोकर महोत्सवालाही लागतं. २०२४ च्या तिथल्या मेन इव्हेंटमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, १०,११२ प्रवेश होते, प्रत्येकी ६० हजार चिप्स. म्हणजे ६० कोटी ६७ लाखांहून थोड्या जास्त. एवढ्या चिप्स शेवटी एकाच माणसासमोर येतात.

ढीग मोजायची रीत सोपी आहे. खेळाडू बहुधा वीस-वीसचे मनोरे करतात. कोणत्या रंगाची चिप किती रुपयांची नव्हे, किती 'किमतीची', ते डीलरच्या ट्रेवरून पाठ करा. २५ हजारांच्या चिप्सचा वीसचा मनोरा म्हणजे ५ लाख. मोठ्या चिप्स पुढे ठेवायचा नियम असतो, तरी काही जण त्या लहान चिप्सच्या मागे ठेवतात, म्हणून टेबलाला एक फेरी मारून दोन बाजूंनी बघा. विचारायचंच असेल तर ब्रेकमध्ये, "सर, अंदाजे किती झाले?" एवढंच. डाव चालू असताना खेळाडूशी एक अक्षर बोलायचं नाही.

बातमीत नुसता आकडा देऊ नका. ४० लाख चिप्स हे वाचकाला काहीच सांगत नाही. बिग ब्लाइंड १ लाख असेल तर '४० बिग ब्लाइंड' लिहा. चाळीस म्हणजे खेळायला जागा आहे, दहा म्हणजे आता ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड (पत्ते टाकणं). ब्लाइंड वाढले की एकही डाव न हरता माणूस गरीब होतो. शेवटच्या टप्प्यातली अर्धी गोष्ट हीच असते.

डाव कसा टिपायचा

समजा ब्लाइंड ५० हजार आणि १ लाख, आणि बिग ब्लाइंडवरचा खेळाडू टेबलभराची अँटी म्हणून आणखी १ लाख भरतोय. माझी नोंद अशी असेल (आकडे लाखांत; बटण म्हणजे डीलरची खूण समोर असलेला खेळाडू, बिब्ला म्हणजे बिग ब्लाइंडवाला; फ्लॉप पहिले तीन सामाईक पत्ते, टर्न चौथा; कि., ब., इ., चौ. म्हणजे किलवर, बदाम, इस्पिक, चौकट; वेळेचं कार्ड म्हणजे विचाराला जादा वेळ मागायचं कार्ड):

बटण (५२ ला.) रेज २.१ – बिब्ला (३४ ला.) कॉल – फ्लॉप कि.राजा, कि.७, ब.२ – चेक, २, कॉल – टर्न इ.गुलाम, चेक-चेक – रिव्हर चौ.२ – बिब्ला ६, बटण वेळेचं कार्ड, कॉल – बिब्ला कि.१०, कि.९ – बटण इ.राजा, इ.राणी.

दोन ओळींत सगळं आलं. कंसातले आकडे डाव सुरू होण्याआधीचे आहेत. ते आधी लिहायचे असतात, नंतर नव्हे. आता हिशेब पडताळा. फ्लॉपआधी पॉट ५ लाख ७० हजार: दोघांचे २ लाख १० हजार, सोडून दिलेला स्मॉल ब्लाइंड ५० हजार, अँटी १ लाख. फ्लॉपवर दोघांचे २-२ लाख, म्हणजे ९ लाख ७० हजार. रिव्हरला ६-६ लाख, एकूण २१ लाख ७० हजार. बिग ब्लाइंडवाल्याचे अँटीसकट ११ लाख १० हजार गेले, तो ३४ लाखांवरून २२ लाख ९० हजारांवर, म्हणजे २३ बिग ब्लाइंडवर आला. बटणवाला ६३ लाख ६० हजारांवर. ब्रेकमध्ये त्यांचे ढीग मोजून हे जुळतंय का बघा.

हा डाव बातमीत टाकावा का? टाकावा, पण बिग ब्लाइंडवाल्याचा फ्लश चुकला म्हणून नाही. सरासरीच्या जवळपास असलेला एक माणूस एका थापेमुळे धोक्याच्या पट्ट्यात आला, ही बातमी. किलवर दश्शी-नव्वीचा उल्लेख त्याच्या नंतर. हरलेल्याने पत्ते उघडून दाखवले तर द्या, पण जो पत्ता उघडला नाही तो 'बहुधा एक्का असावा' असं लिहून कधीही देऊ नका. खेळाडू दुसऱ्या दिवशी वाचतात.

बबल

बक्षिसांच्या अगदी अलीकडे बाहेर पडणाऱ्या खेळाडूला 'बबल' म्हणतात, आणि ती वेळ आली की हॉलमधली हवा बदलते. आयोजक 'हँड फॉर हँड' जाहीर करतात: प्रत्येक टेबलाने एकच डाव खेळायचा आणि बाकीची टेबलं संपेपर्यंत थांबायचं. वार्ताहरासाठी ही पर्वणी. डाव संपल्यावर सगळे उभे असतात, तुम्हाला एका टेबलावरून दुसऱ्यावर पळता येतं.

इथे नवा माणूस एक गोष्ट विसरतो. ऑल-इन झाल्याचं ऐकू आलं की तो लोकांबरोबर तिकडे धावतो आणि डावाआधीचे स्टॅक लिहून घेत नाही. एकाच डावात एकाच टेबलावर दोघे बाहेर पडले तर ज्याच्याकडे डावाआधी जास्त चिप्स होत्या त्याला वरचा क्रमांक मिळतो. हँड फॉर हँड चालू असताना वेगवेगळ्या टेबलांवर दोघे बाहेर पडले तर ते बक्षीस वाटून घेतात. हे नियम पाठ असले की घोषणेची वाट न बघता तुम्हाला बातमी लिहायला घेता येते. पाठवायची मात्र घोषणेनंतरच.

फायनल टेबल

दोन टेबलांचं एक झालं की जागांची पुन्हा सोडत निघते. सीट क्रमांक, नाव, चिप्स, गाव, हे एका चौकटीत लिहा. नावांचं स्पेलिंग खेळाडूकडूनच विचारून घ्या, सीटच्या चिठ्ठीवरचं चुकीचं असू शकतं. जागा महत्त्वाच्या असतात. ज्याच्या डाव्या हाताला मोठा स्टॅक बसलाय त्याला मोकळेपणी रेज करता येत नाही, आणि हे सांगणारा वार्ताहर वाचकाला खरंच काहीतरी देतो.

२००८ ते २०१६ या काळात वर्ल्ड सिरीजचं फायनल टेबल जुलैत ठरायचं आणि नोव्हेंबरच्या सुमारास खेळलं जायचं. पत्रकारांना तयारीला महिने मिळायचे. तुम्हाला बहुधा एक रात्र मिळेल. ती झोपण्यात घालवू नका असं म्हणणार होतो, पण निदान पाच तास झोपा.

हेड्स-अप झालं, म्हणजे दोघेच उरले, की ब्लाइंडचा क्रम बदलतो. बटणवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपआधी तोच आधी बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. भल्याभल्यांच्या नोंदी इथे उलट्या होतात.

स्ट्रीम चालू असेल तर ती उशिराने दाखवतात, कारण त्यात हातातले पत्ते दिसतात. तुम्ही हॉलमध्येही आहात आणि कानात स्ट्रीमची कॉमेंटरीही आहे, अशा वेळी फार जपा. खेळाडूला, त्याच्या मित्राला, त्याच्या भावाला, कोणालाही पत्त्यांबद्दल एक शब्द सांगायचा नाही. २०२४ च्या मेन इव्हेंटमध्ये विजेता जोनाथन तमायो डावांच्या मध्ये आपल्या पाठीराख्यांकडे जायचा आणि त्यांच्याजवळ लॅपटॉप होता, त्यावरून केवढा वाद झाला. प्रेक्षकांत मदत कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते यावर लोक अजून भांडतात. पत्रकाराने त्या भांडणात साक्षीदार म्हणून राहावं, आरोपी म्हणून नव्हे.

पैशांबद्दल लिहिताना

बक्षिसांचा तक्ता आधीच वहीत चिकटवा. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमध्ये पहिलं बक्षीस १ कोटी डॉलर आणि दुसरं ६० लाख डॉलर होतं. एका पायरीत ४० लाख डॉलर. त्या एका पायरीसाठी माणूस चांगले पत्ते कधी सोडतो हे तक्ता समोर असल्याशिवाय समजत नाही.

शेवटी अनेकदा वाटाघाटी होतात. दोघे उरलेत, पहिलं बक्षीस ६० लाख, दुसरं ४०, चिप्स ३ कोटी आणि १ कोटी. दोघांनाही ४० लाख पक्के. उरलेले २० लाख चिप्सच्या प्रमाणात वाटले तर पहिल्याला ५५ आणि दुसऱ्याला ४५ लाख. तिप्पट चिप्स, पण पैसे तिप्पट नाहीत. असा करार झाला आणि मग ४५ वालाच चषक घेऊन गेला, तर 'विजेत्याला ६० लाख' ही बातमी सरळ चुकीची ठरते. टूर्नामेंट डायरेक्टरला विचारा: करार झाला का, आणि जाहीर आकडे कराराचे की मूळ तक्त्याचे? ते सांगणार नसतील तर 'जाहीर बक्षीस' असाच शब्द वापरा.

आणि 'एका रात्रीत करोडपती' हे शीर्षक देऊ नका. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर भारतात ३० टक्के दराने कर लागतो. त्याशिवाय अनेक खेळाडू दुसऱ्यांच्या पैशांवर खेळतात आणि जिंकलेल्यातला वाटा त्यांना देतात. वाटा किती, हे तो आपणहून सांगेल तरच लिहा.

हरलेल्याशी बोलणं

बाहेर पडलेला खेळाडू आधी बक्षिसाच्या टेबलाकडे जातो. तिथे सही होऊ द्या, पाणी पिऊ द्या. मग जवळ जाऊन नाव, पेपर सांगा. समोर पुण्याचा-कोल्हापूरचा, वयाने मोठा माणूस असेल तर "दादा, दोन मिनिटं बोलू का?" एवढं पुरतं. 'कसं वाटतंय' विचारू नका, कसं वाटणार? शेवटच्या डावाचं विचारा: रेज केलं तेव्हा मागे किती होते, समोरच्याकडे काय असेल असं वाटलं होतं? हरलेला माणूस डावाबद्दल भरभरून बोलतो, स्वतःबद्दल नाही.

पाठवणं

डेस्कवरचा माणूस रात्री एकला म्हणणार, "अरे, जिंकणाऱ्याचं नाव दे फक्त, बाकी उद्या बघू." नाव द्या, त्याबरोबर जाहीर रक्कम, एकूण प्रवेश आणि शेवटच्या डावाची दोन वाक्यं. ती आधीच लिहून ठेवायची असतात, दोन्ही खेळाडूंसाठी वेगवेगळी. विजेत्याच्या फोटोत समोर शेवटच्या डावाचे पत्ते मांडलेले असतात. ते वहीतल्या नोंदीशी ताडून बघा, कारण शेवटच्या डावात टाळ्या-आरडाओरड्यात नोंद सगळ्यात वाईट होते.

जेट्टीकडे निघण्याआधी आयोजकांकडून क्रमवार निकालाची यादी मागून घ्या आणि ती हातात पडेपर्यंत पाचव्या-सहाव्या क्रमांकाचे आकडे छापायला देऊ नका. एखादा चुकून गेलाच असेल तर सकाळची आवृत्ती निघायच्या आत फोन करून बदलून घ्या. परतीच्या बसमध्ये बेळगावच्या आसपास जाग आली की पूर्ण लेखाची पहिली ओळ लिहायला घ्या. नवले पुलाला उतरेपर्यंत मसुदा होतो.